वामनरावाची तीन बेटं

काळ्या मातीचा एक गुण आहे. पाऊस पडला की ती चालणाऱ्याचा पाय धरते आणि लवकर सोडत नाही. म्हणून वऱ्हाडातला माणूस सहसा गावाबाहेर फार जात नाही. आणि जो जातो, तो परत आल्यावर इतकं बोलतो की न गेलेलेच शहाणे वाटू लागतात. सावंगीचा वामनराव त्या बोलणाऱ्यांतला.

गाव चांदूर रेल्वेहून कोसभर. वामनराव हा महादेवराव पाटलांचा थोरला मुलगा. घरी बैलजोड्या होत्या, नदीकाठी वावर होतं, आणि राबायला धाकटा भाऊ गोवर्धन होता. त्यामुळे वामनरावाच्या वाट्याला टोपी तेवढी उरली होती. पांढरी, खळ दिलेली, कडक. ती घालून तो रोज सकाळी स्टेशनावर जायचा, बाकावर बसून नागपूरची गाडी आणि मुंबईची गाडी पाहायचा, आणि दुपारी पारावर येऊन जगाचा कारभार सांगायचा. गाडीत तो क्वचित चढला होता. पण गाडी पाहणाऱ्या माणसाला हळूहळू वाटू लागतं की, गाडी जिथवर जाते तिथवर आपणही जाऊन आलो आहोत.

त्याची बायको लीलाबाई. उंच, सावळी, थोडं बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या पावसाळ्यात तिनं नवऱ्याचं बोलणं ऐकलं. दुसऱ्या पावसाळ्यात पारखलं. तिसऱ्यापासून ते डबक्यातल्या बेडकांच्या आवाजासारखं नुसतं होऊ दिलं. बेडूक ओरडतात म्हणून कोणी उठून उत्तर देत नाही, आणि त्यांच्या ओरडण्यानं पाऊसही पडत नाही, हे तिला माहीत होतं.

त्या वर्षी चैत्रात तिची सासू पार्वताबाई वारली. आणि पोळा झाल्यावर एका संध्याकाळी महादेवरावांनी दोन्ही सुनांना ओसरीवर बोलावलं.

नदीकाठच्या वावराची सीतादई आजवर पार्वताबाई करत आली होती. कापसाची बोंडं फुटली की वेचणीच्या आधी घरच्या बाईनं वावरात जायचं, भरल्या झाडाखाली पाच खडे मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचं, दहीभात चारी दिशांना शिंपायचा, आणि पहिलं बोंड आपल्या हातानं तोडायचं. मग लगेच बायांनी कापूस घ्यायला कमरेला ओट्या बांधून वेचणीला लागायचं. सीतादई झाली आणि वेचणी झाली नाही, तर ती सीतादई कोरडी गेली असं म्हणत. आणि जी बाई सीतादई करते, ती त्या वावराची धनीण. कागद कोणाच्याही नावाचा असो.

महादेवराव म्हणाले, "औंदा नदीकाठची सीतादई थोरलीनं करावं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकायी. जिच्या हातची सीतादई, तिच्या घरचं वावर. माह्या मांगं भांडन नोको."

"अन् मामाजी, बाई नसल्या तं?" धाकटी चतुराबाई पदर सावरत म्हणाली. तिच्या आवाजात दही नीट विरजलेलं होतं.

"काहून नसन ते? अन् नसली, तं तू करजो. बोंड काही कोनाची वाट पाहात नाई."

त्या दिवसापासून लीलाबाईच्या मनात एकच गोष्ट होती. गोवर्धनाला दोन मुलं, कष्टाचं अंग, आणि चतुराबाईसारखी बायको. आपल्या पदरात दोन मुली आणि हा टोपीवाला. उद्या वाटे पडले तर मुरमाडाचा तुकडा आपल्याकडे येईल आणि त्यावर टोपीही उगवणार नाही. ते नदीकाठचं वावर हातचं जाता कामा नये.

आणि नेमका त्याच वेळी वामनरावाला समुद्र आठवला.

महाराष्ट्र झाला त्याला वर्ष उलटलं होतं. पारावर त्याची चर्चा अजून चाले. वामनरावानं त्या राज्यातून स्वतःपुरता समुद्र काढून घेतला. "पयले आपली राजधानी नागपूर होती. तिथं काय, तलाव! आता समुद्र आपल्या घरचा झाला. घरचं वावर पाहाले जातो, तसा घरचा समुद्र पाहून याले नोको? तीन बेटं हायेत तिथं. घारापुरी, कुलाबा, जंजिरा. तिन्ही पाहून येतो." चांदूरच्या कापसाच्या अडत्यानं मुंबईत आपल्या भावाच्या खोलीवर उतरायची सोय लावून दिली. आणि वामनरावानं घरात जाहीर केलं की लीलाबाईनंही यायचं.

त्यात प्रेम नव्हतं. सांगणाऱ्याला साक्षीदार लागतो.

"सीतादई हाय," लीलाबाई म्हणाली.

"अवं, दसऱ्याच्या रात्री निघू, कोजागिरीच्या आंधी घरी. रेल्वे काय छकडा हाय का, चाक निघाले?"

"जा न बाई," चतुराबाई म्हणाली. "सुखानं जा. कौंडण्यपूरच्या जत्रेपलीकडं कधी गेल्या तुमी? इकडची काळजी करू नोका. आमी हाओच."

सासऱ्यांनीही मान हलवली, तेव्हा बोलणं संपलं. निघायच्या आधी लीलाबाई बौद्धपुऱ्यात इंदूबाईकडे जाऊन आली. वेचणाऱ्या बायांची टोळी इंदूबाईच्या शब्दावर चाले. धिप्पाड, तोंडाची फटकळ बाई. पाच वर्षांपूर्वी तिच्या घरानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हापासून ती कोणाच्या पूजेला हात लावत नसे आणि कोणाच्या पुढं वाकतही नसे.

"पूजेचं तुमचं तुमी पाहा, पाटलीनबाई," ती म्हणाली. "आमाले तिचं काही नाई. पन वेचनीचं बोलनं तुमच्यासंग झालं, तं ओटी तुमच्याच शब्दावर बांधू. मालक कोठी घेऊन चालले?"

"समुद्र पाहाले."

"काहून? त्याले काही पेरा हाय का?"

लीलाबाई खूप दिवसांनी हसली.

दसऱ्याचं सोनं देऊन झालं आणि मुलींना आजोबांपाशी ठेवून रात्रीच्या गाडीनं ते निघाले. चतुराबाईचं ते 'आमी हाओच' लीलाबाईला चाकांच्या आवाजात अकोल्यापर्यंत ऐकू येत होतं. परतीची तिकिटं तिनं आपल्या पदराच्या गाठीत बांधली. नवऱ्याच्या खिशाला भोक नव्हतं, पण त्याच्याजवळ वस्तू टिकत नसे.

मुंबईविषयी सांगण्यासारखं काही नाही. तिथं पुष्कळ माणसं होती आणि त्यांतल्या एकानंही वामनरावाच्या टोपीकडे पाहिलं नाही. त्याचं तोंड एक दिवस उतरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते घारापुरीला गेले. नावेत बसेपर्यंत वामनराव नाविकाला हवामान समजावून सांगत होता. नाव धक्क्यापासून सुटली आणि हलली, तसा तो गप्प झाला. मग कठड्यावर वाकला. सकाळचा चहा आणि आदल्या रात्रीच्या दशम्या त्यानं घरच्या समुद्राला अर्पण केल्या. "चहा खराब होता," तो म्हणाला. लीलाबाईनं त्याला पाणी दिलं आणि तोंड फिरवून समुद्राकडे पाहिलं.

मोठा होता, यात वाद नाही. मुगाच्या वावरासारखा हिरवा, पार आभाळाच्या बांधापर्यंत. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. एवढं पाणी! आणि त्यात एक ओंजळ पिण्याच्या कामाची नाही, एक वाफा भिजवण्याच्या कामाची नाही. आमच्या वर्धा नदीला उन्हाळ्यात करंगळीएवढी धार उरते, पण त्या धारेवर माणूस जगतो, गुरं जगतात. ज्याच्याजवळ इतकं आहे आणि देण्यासारखं काही नाही, असा एक माणूस तिला माहीत होता. तो शेजारीच बसून तोंड पुसत होता.

बेटावर डोंगर कोरून केलेले देव होते. लीलाबाई त्यांच्यापुढं बराच वेळ उभी राहिली. एवढा दगड कोरणारे हात कामाचे होते, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. वामनराव म्हणाला, "कौंडण्यपूरले याच्याहून भारी हाय." एका वानरानं तेवढ्यात त्याच्या हातातली शेंगदाण्याची पुडी नेली. 

संध्याकाळी लीलाबाई म्हणाली, "पाह्यलं. आता घरी चला."

"एकच बेट पाहून? गावात काय सांगू? तिन्ही पाहीन म्हनलो होतो मी."

"गावात कोनी मोजून घेत नाई."

"तुले नाई समजत. मानसाचा शब्द असते."

शब्दाची गोष्ट वामनरावानं काढावी! लीलाबाई सामान बांधायला लागली.

दुसऱ्या सकाळी ते भाऊच्या धक्क्यावर गेले. वारा सुटला होता आणि अलिबागच्या वाटेवरची रेवसची लाँच सुटत नव्हती. माणसं गाठोड्यांवर बसून राहिली. दुपारी वारा पडला तेव्हा ती निघाली, आणि पलीकडच्या खाडीत शिरता शिरता चिखलात बसली. पाणी तिच्याखालून निघून गेलं होतं. जिथवर नजर जाईल तिथवर काळा, ओला, चकाकणारा गाळ. लीलाबाईला क्षणभर आपलंच वावर दिसल्यासारखं वाटलं, पण त्यात खेकडे चालत होते.

"धरन बांधाले पायजे इथं," वामनराव म्हणाला आणि ट्रंकेवर डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपला.

लीलाबाई बसून राहिली. काठावर एक खुंट रोवलेला होता. त्याच्या मुळाशी आधी ओल दिसली, मग एक चूळभर पाणी, मग ते खुंटावर चढू लागलं. कोणी आणलं नाही, पाऊस नाही, पूर नाही. तिनं खलाशाला विचारलं, "दादा, हे पानी कोठून येऊन राहिलं?"

खलाशी म्हातारा होता. त्याला तिच्या बोलण्याचं हसू आलं, पण प्रश्नाचं नाही. "बाई, ते जातं आणि येतं. दिवसातून दोनदा जातं, दोनदा येतं. रोज. थोडं मागं सरकत सरकत, पण चुकत नाही."

"कधीच?"

"माझ्या आज्याच्या वेळेपासून तरी नाही."

लीलाबाईनं ते ऐकलं आणि तिकिटांजवळ मनातल्या मनात त्याचीही गाठ मारली. लाँच हळूच उचलली गेली. वामनराव जागा झाला तेव्हा ती धक्क्याला लागत होती. "पाह्यलं?" तो म्हणाला. "निंगालो का नाई!"

अलिबागला ते एका देवळाच्या ओवरीत उतरले. दुसऱ्या दिवशी कोजागिरीची आदली तिथी. कुलाब्याचा किल्ला समुद्रात समोरच उभा होता आणि सकाळभर त्याच्या चहूबाजूंनी पाणी होतं. दुपार उलटली तसं पाणी मागं हटलं आणि किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत ओल्या वाळूची वाट उघडी पडली. माणसं चालत जाऊ लागली. एक बैलगाडीही गेली. बैलगाडी पाहून वामनरावाच्या अंगात वऱ्हाड संचारलं. तो धोतर सावरून पुढं निघाला.

वाटेत एक कोळीण टोपलीत शिंपल्या भरून परत येत होती. ती लीलाबाईला म्हणाली, "बाय, उशीर झालाय. बघून लगेच फिरा. दिवस बुडायला भरती लागेल."

"आमाले पानी नोको शिकवू, बाई," वामनराव मध्येच म्हणाला. "वर्धेचे पूर पाह्यले आमी."

आणि इथं त्याच्यावर अन्याय नको. हे त्याच्या एकट्याचं अज्ञान नव्हतं, आमच्या साऱ्या मुलखाचं होतं. आमच्याकडे नदीला पूर येतो, दोन दिवस गर्जतो आणि उतरतो. एकदा उतरला की वाळू उघडी पडते, माणसं पलीकडं जातात, काकड्या-टरबुजांच्या वाड्या लावतात, आणि पुन्हा वर पाऊस झाल्याखेरीज त्या पाण्याची कोणी आठवणही काढत नाही. उतरलेलं पाणी म्हणजे गेलेलं पाणी. पण न समजणं वेगळं आणि सांगितलेलं न ऐकणं वेगळं. पहिलं मुलखाचं होतं, दुसरं खास वामनरावाचं.

किल्ल्यात गणपतीचं देऊळ होतं आणि गोड्या पाण्याचं टाकं होतं. वामनरावानं शिदोरी सोडली. ठेचा-भाकर खाल्ली, ढेकर दिला आणि तटाच्या सावलीत आडवा झाला.

"झोपू नोका," लीलाबाई म्हणाली. "पानी परत येते. त्या खलाशानं सांगतलं. मी डोयानं पाह्यलं."

"मोठी आली समुद्रावाली! उतरलं म्हंजे उतरलं." त्यानं टोपी तोंडावर घेतली. टोपीचा तेवढा एक उपयोग तिला त्या दिवशी दिसला.

ती दोनदा दरवाजाशी जाऊन आली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा वाळूच्या वाटेवर, अगदी मधोमध, पाण्याच्या दोन जिभा एकमेकींना लागत होत्या. बैलगाडी केव्हाच पलीकडं गेली होती. तिनं धावत येऊन नवऱ्याला हलवलं. तो उठला, डोळे चोळत दरवाजाशी आला, आणि पाहतो तर वाट नव्हती. त्यानं एक पाय पाण्यात घातला. लाट आली, गुडघ्याला लागली. पाय असा मागं आला, जसा चुलीतून काढावा.

"आता कसं?" लीलाबाईनं विचारलं.

"असं कसं येऊ शकते पानी?" वामनराव म्हणाला. आवाज इतका रागाचा होता, की जणू समुद्रानं चांदूरच्या स्टेशनावर येऊन त्याची परवानगी काढायला हवी होती.

किल्ल्यात पुजाऱ्याचं एक बिऱ्हाड होतं. पुजाऱ्याची बायको सुंदराबाई हिनं त्यांना भात वाढला आणि देवळाच्या मंडपात घोंगडी दिली. वामनराव "आता जंजिरा कसा पाहाचा" म्हणत झोपी गेला. लीलाबाईच्या डोळ्यांपुढं मात्र नदीकाठचं वावर होतं. उद्या कोजागिरी. उद्याची रात्रीची गाडी मिळाली तर परवाची सकाळ मिळते. नाहीतर चतुराबाई आहेच.

पहाट फुटता फुटता सुंदराबाई डोक्यावर रिकामी कळशी आणि टोपली घेऊन दरवाजाशी आली. दूध-भाजीसाठी तिला रोज ओहोटी साधून किनाऱ्यावर जावं लागे. चंद्र पश्चिमेला समुद्रावर टेकला होता, मोठा आणि फिका, ताकाच्या निवळीत बुडालेल्या भाकरीसारखा. वाटेवर अजून पाणी होतं, पण ते ओढ घेत होतं. बाहेर जात होतं.

"मांडीपर्यंत लागेल," सुंदराबाई म्हणाली. "पहिली मोटार गाठायची असली तर माझ्या मागून या. उशीर केलात तर सकाळची लाँच चुकेल."

लीलाबाईनं काष्टा वर खोचला. "चला," ती नवऱ्याला म्हणाली.

"बयाडली का तू? पानी दिसून नाई राहिलं? सुकू दे पूरं. कालच्यासारखं सुकलं की जाऊ."

"सुकेपर्यंत मोटार जाईन. ते ओसरून राहिलं. पाहा न, बाहेर जाऊन राहिलं."

"काल नाई का आलं एकदम? तुले मरायचं असन तं मर. मी सांगतो, सुकल्याबिगर पाय नाई टाकत."

काल ज्यानं कोरड्या वाळूवर डोळे मिटून भरवसा ठेवला, तो आज उतरत्या पाण्यावर डोळे उघडून ठेवायला तयार नव्हता. लीलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं ती समजत होती की हा माणूस नुसता बोलका आहे. आता तिला दिसलं की बोलण्याच्या आत काही नव्हतंच. मळणी झाल्यावर उरलेलं बुरकूस. वाऱ्यावर उडतं म्हणून मोठं दिसतं.

तिनं पदराची गाठ सोडली. रेल्वेचं एक तिकीट त्याच्या हातावर ठेवलं. "हे तुमचं घ्या. भिजवू नोका."

आणि दुसरं आपल्या अंबाड्यात खोचून ती पाण्यात उतरली.

पाणी गार होतं आणि त्याला ओढ होती. लुगडं जड झालं, पायाखालची वाळू सरकत होती. पोहणं तिला येत नव्हतं. तिला फक्त खलाशाचा शब्द येत होता. दोनदा जातं, दोनदा येतं, चुकत नाही. मागून नवरा ओरडत होता, "अवं, फिर मांगं! बुडशीन! मी सांगतो न!" सुंदराबाई पुढं चालली होती, कळशी जराही न हलवता. मांडीचं पाणी गुडघ्यावर आलं, गुडघ्याचं घोट्यावर आलं, आणि लीलाबाई किनाऱ्याच्या घट्ट वाळूवर उभी राहिली.

तिनं मागं वळून पाहिलं. सूर्य वर येत होता आणि वाट उघडी पडली होती, बैलगाडी जाईल इतकी. वामनराव दरवाजाखाली उभा होता. तो काठीनं वाळू टोचत चार पावलं पुढं आला, थांबला, समुद्राकडे पाहिलं, आणि धोतर धरून परत आत पळाला.

लीलाबाई त्याच्यासाठी थांबली नाही.

मोटार मिळाली, लाँच मिळाली. संध्याकाळी ती बायांच्या डब्यात बसली. लुगड्याच्या काठावर मीठ वाळून पांढरी रेघ आली होती. समोरच्या बाईनं विचारलं, "एकट्याच का? मालक कुठं?"

"मांगं हायेत," ती म्हणाली. "पयलेपासूनच."

पहाटे गाडी मूर्तिजापूरच्या पुढं उभी राहिली आणि उभीच राहिली. पुढं मालगाडी अडली होती म्हणे. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना कपाशी होती, दवानं माखलेली, बोंडं फुटलेली. दुसऱ्यांची बोंडं पाहत तिनं ती वेळ काढली. समुद्रानं अडवलं नाही ते आपल्याच मुलखानं अडवावं, याचा तिला संताप आला. गाडी हलली तेव्हा उन्हं डब्यात आली होती. चांदूरला उतरून ती घराकडं गेली नाही. बांधाबांधानं तडक नदीकाठच्या वावराकडं निघाली.

वावरात सगळे होते. महादेवराव वावराच्या कडेला, धुऱ्यावर काठी टेकून. गोवर्धन बैलगाडीजवळ. चतुराबाई नवं लुगडं नेसून, हातात हळदकुंकवाचं ताट आणि दहीभाताची वाटी घेऊन, भरल्या झाडापाशी. आणि बांधावर इंदूबाई आपल्या बायांना घेऊन पाय पसरून बसलेली, कमरेला ओटी न बांधता.

"आता तं उठसान का?" चतुराबाई म्हणत होती. "दव कवाचं सुकलं."

"कोठी सुकलं?" इंदूबाईनं जवळचं एक बोंड दाबून पाहिलं. "माह्या हाताले वलं लागून राहिलं. वला कापूस वेचला तं गंजीत कुजते, मंग तुमीच बोंबलान. आमी वला कापूस नाई वेचत."

"सूर्य डोक्यावर आला, इंदूबाई!"

"सूर्य तुमच्या डोक्यावर असन. बोंडावर नाई आला अजून."

बाया फिदीफिदी हसल्या. तेवढ्यात त्यांतल्या एकीनं बोट दाखवलं. नदीकडच्या बांधावरून लीलाबाई येत होती, काष्टा खोचलेला, केस विस्कटलेले, लुगड्याच्या काठाला मिठाची पांढरी किनार.

इंदूबाईनं पुन्हा बोंड दाबलं. "सुकलं, बाप्पा," ती म्हणाली आणि कमरेला ओटी बांधू लागली.

महादेवरावांनी सुनेकडं पाहिलं, तिच्या मागच्या रिकाम्या बांधाकडं पाहिलं. "वामन कोठी हाय?"

"बेटावर हायेत, मामाजी," लीलाबाई म्हणाली. "पानी सुकाची वाट पाहून राहिले."

 मग म्हातारा हसला. त्याच्यामागं गोवर्धन हसला, आणि मग सारं वावर. चतुराबाईही हसली, पण ताट तिच्या हातात तसंच होतं. लीलाबाईनं ते तिच्या हातातून घेतलं. ओढून नाही. चुलीवरचा तवा उतरवतात तसं, सहज. नदीवर जाऊन तिनं हातपाय धुतले, पाच खडे वेचून आणले, झाडाखाली मांडले, दहीभात चारी दिशांना शिंपला आणि पहिलं बोंड तोडलं. ते कोरडं होतं, हलकं होतं, आणि तिच्या तळहाताएवढं होतं.

वामनराव त्यानंतर दोन दिवसांनी आला. एका मासेवाल्या होडीनं त्याला किल्ल्यावरून आणलं होतं, असं त्याच्या कोटाच्या वासावरून सगळ्या गावाला कळलं. संध्याकाळी तो पारावर बसला आणि त्यानं तिन्ही बेटांचं वर्णन केलं. जंजिऱ्याचं सगळ्यात सविस्तर केलं, कारण ते त्यानं पाहिलं नव्हतं. साक्षीदार घरी भाकरी थापत होता. कोणी त्याला बोलावलं नाही.

वावर लीलाबाईच्या घरी राहिलं. महादेवराव गेले, वाटे झाले, तरी त्यावरून चकार शब्द निघाला नाही. गावात ते आजही तिच्याच नावानं ओळखलं जातं. आणि गावात कोणी काम टाळून बसला, की बाया म्हणतात, "त्याचं पानी सुकाचं हाय अजून." वामनराव तिथं असला तर तोही हसतो. त्याला वाटतं, ती म्हण जुनी आहे.

पुढं कधी नातींनी समुद्राचं विचारलं, तर लीलाबाई एवढंच सांगे, "पानी लय. पन खारं. कोन्याच कामाचं नाई." आणि जरा थांबून म्हणे, "पन बोलाचं पक्कं. जातो म्हनलं की जाते, येतो म्हनलं की येते. तेवढं तं मानसालेही जमत नाई."

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दर वर्षी ताट घेऊन निघते. खाटेवरून आवाज येतो, "अवं, दव तं सुकू दे. घाई काहून करतं?"

 तोवर ती बांधापलीकडं गेलेली असते, आणि तिचे पाय घोट्यापर्यंत भिजलेले असतात.